पदवीनंतरचीं पानें : स्त्री-डॉक्टर आणि मराठी चरित्रवाङ्मय

ज्या वाङ्मयप्रकारानें एखाद्या व्यक्तीची ओळख समाजास प्रथम होते, त्या प्रकाराचे गुणदोष तिच्या प्रतिमेंत पुढें पुष्कळ काळ टिकून राहतात. मराठी वाचकास स्त्री-डॉक्टर प्रथम ठसठशीतपणें भेटली ती चरित्रांत. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत कॅरोलाइन हीली डॉल या बाईंनीं त्यांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें, आणि १८८९ सालीं काशीबाई कानिटकरांचें मराठी चरित्र पत्रांसह निघालें. त्यानंतर श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालीं, अंजली कीर्तने यांचा ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा संशोधनग्रंथ १९९७ सालीं, आणि समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ हा बोलपट २०१९ सालीं लोकांपुढें आला. डॉ. रखमाबाईंवर मोहिनी वर्दे यांनीं १९८२ सालीं ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ हें पुस्तक लिहिलें, आणि २०१६ सालीं अनंत महादेवन यांनीं त्यांच्या जीवनावर बोलपट काढला. शंभर-सव्वाशें वर्षांत जमलेला हा संसार लहान नव्हे. त्याचा एकत्र विचार करून एकच प्रश्न विचारावयाचा आहे : या वाङ्मयानें स्त्री-डॉक्टरचें कोणतें जीवन आम्हांस सांगितलें, आणि कोणतें सांगावयाचें राहून गेलें?

हा प्रश्न केवळ साहित्यरसिकांच्या कुतूहलाचा नाहीं. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या, हातमागांच्या आणि विडीकामाच्या गांवीं डॉ. वैशंपायन यांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालीं निघालें. तेव्हांपासून या जिल्ह्यांतील किती तरी मध्यम स्थितींतील घरांनीं आपल्या मुली तेथें धाडल्या. आज अशा महाविद्यालयांच्या पहिल्या वर्गांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीस आली आहे. या मुलींच्या आईबापांनीं शाळेंत असतांना आनंदीबाईंचा धडा वाचलेला असतो आणि आपल्या मुलीचें यश ते त्या धड्याच्या मापानें मोजतात. मुलगी डॉक्टर झाली, गांवांत पेढे वाटले, वर्तमानपत्रांत छायाचित्र आलें, कथा संपली. वस्तुतः त्या दिवशीं ती सुरू झालेली असते. चरित्रकारानें जेथें पडदा पाडला तेथेंच वाचकानेंही डोळे मिटावे, ही संवय आमच्या अंगीं कोठून आली, हें पाहणें म्हणूनच अगत्याचें आहे.

काशीबाईंच्या ग्रंथापासून आरंभ करूं. लेखिका स्वतः विवाहानंतर, घरांतल्या वडील माणसांची नजर चुकवीत शिकलेली. आणि चरित्रविषय तिच्याहून चार वर्षांनीं लहान असलेली एक स्त्री. मराठींत एका स्त्रीनें दुसरीचें चरित्र इतक्या आस्थेनें लिहावें, हीच त्या काळीं अपूर्व गोष्ट होती. पत्रें जशीं मिळालीं तशीं वाचकांपुढें ठेवण्याची त्यांची पद्धति आजच्या संशोधकासही मानवेल अशी आहे. पत्रांमुळेंच आनंदीबाई आमच्यापर्यंत आपल्या स्वतःच्या आवाजांत पोहोंचल्या. गोपाळरावांनीं लहानपणीं केलेली मारहाण, अंगावर भिरकावलेल्या वस्तु, पुढें बोलून दिलेल्या शिक्षा, या सर्वांचा हिशेब त्यांनीं अमेरिकेहून पतीस शांतपणें लिहून पाठविला होता. उपकाराची जाणीव आणि अन्यायाची जाणीव एकाच हृदयांत एकाच वेळीं कशी नांदते, याचें असें उदाहरण मराठी पत्रवाङ्मयांत विरळा. मीरा कोसंबी यांनीं आपल्या इंग्रजी लेखनांत या दुभंगलेल्या प्रतिमेचाच शोध घेतला आहे. परंतु काशीबाईंच्या पुढें एक अडचण होती, आणि ती त्यांच्या हातची नव्हती. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं पदवी घेतलेल्या आनंदीबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहींत. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागाची नेमणूक त्यांच्या नांवें झाली होती. त्या खुर्चीवर त्या कधीं बसल्या नाहींत. चरित्र पदवीपाशीं संपलें, कारण आयुष्यच तेथें संपलें.

या अपघाताचा पुढें नियम झाला, ही खरी तक्रार. पहिली स्त्री-डॉक्टर पदवीनंतर लगेच मरण पावली, म्हणून स्त्री-डॉक्टरची कथा म्हणजे पदवीपर्यंतचा प्रवास, असा एक सांचाच मराठी मनांत तयार झाला. सांच्यास लागणारी सर्व सामग्री या एका आयुष्यांत होती : नवव्या वर्षींचें लग्न, दहा दिवसांत गेलेलें मूल, श्रीरामपूरच्या सभेंत समुद्रप्रवासाचा हेतु निर्भयपणें सांगणारी अठरा वर्षांची मुलगी, परक्या देशांतील थंडी, क्षय, आणि अकाळीं मृत्यु. करुणरसास याहून अधिक काय हवें? पण करुणरस हा मोठा लोभी रस आहे. तो नायिकेच्या मरणाकडे आमचें लक्ष इतकें वेधून घेतो, कीं ती जगली असती तर तिला कोणाच्या हाताखालीं, किती पगारावर, कोणत्या अधिकारानें काम करावें लागलें असतें, हें विचारण्याचें भानच वाचकास राहत नाहीं.

‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीनें सांचा पक्का केला. श्री. ज. जोशी यांच्या लेखणीचें सामर्थ्य वादातीत आहे. इतक्या पिढ्यांनीं ती कादंबरी वाचली ती उगीच नव्हे. चरित्रांतील धूसर गोपाळराव येथें हाडामांसाचे झाले : तर्कट, हट्टी, लोकनिंदेस चेवानें सामोरे जाणारे, पत्नीवर प्रेम करणारे आणि तिचा छळ करणारे. कादंबरीच्या नांवांतच जोड्याचा मान आहे. मात्र कादंबरी मिटल्यावर मनांत अधिक काळ कोण रेंगाळतें, हें प्रत्येक वाचकानें स्वतःस विचारून पहावें. आम्हांस तरी गोपाळरावच आठवतात. संघर्ष आहे तो पतीच्या इच्छाशक्तीचा समाजाशीं. पत्नी त्या संघर्षाचें रणांगण. त्यांत वैद्यकशास्त्र फारसें नाहीं. आनंदीबाईंनीं पदवीसाठीं आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. एका विद्यार्थिनीच्या मनांत आयुर्वेदाचा वारसा आणि पाश्चात्य शास्त्र यांचा कसा मेळ बसत असेल, हा विषय एखाद्या कादंबरीकारास किती तरी प्रकरणें पुरला असता. पण संसारकथेच्या ओघांत ज्ञानकथा मागें पडली.

बोलपटाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. तो देखणा आहे, भूमिका मन लावून केलेल्या आहेत, आणि नव्या पिढीस हें नांव त्यानें परिचित करून दिलें. परंतु त्याचाही कणा नवरा-बायकोच्या प्रेमाचाच आहे, आणि शेवट पदवी व मृत्यु या दोन शिखरांवरच होतो. याउलट कीर्तने यांच्या ग्रंथाचें मोल वेगळें आहे. अमेरिकेंतील कागदपत्रांचा माग काढून, आनंदीबाईंच्या अस्थींस जेथें जागा मिळाली त्या पोकिप्सीच्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीपर्यंत जाऊन त्यांनीं काळाचा पट उभा केला. ‘काळ आणि कर्तृत्व’ या शीर्षकांत गोपाळराव नाहींत, ही लहान गोष्ट नव्हे. एका व्यक्तीभोंवतीं साचलेली भावुकता दूर सारून तिच्या काळच्या संस्थांकडे पाहण्याची वाट या ग्रंथानें मोकळी केली. खेद एवढाच, कीं त्या वाटेनें पुढें फारसे कोणी गेले नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं ज्या आयुष्यांत पुढचीं पानेंच नाहींत त्याच्या चरित्रकारांस दोष कां द्यावा? आक्षेप रास्त आहे. आणि म्हणूनच रखमाबाईंकडे वळावें लागतें. त्या १८६४ त जन्मल्या, म्हणजे आनंदीबाईंच्या बरोबरीच्याच. परंतु त्यांस नव्वदांवर आयुष्य लाभलें आणि त्यांतलीं जवळ जवळ पस्तीस वर्षें त्यांनीं सुरत व राजकोट येथें स्त्रियांच्या दवाखान्यांत घालविलीं. आतां लोकांच्या स्मरणांत काय आहे तें पहा. दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं लावलेला दावा, १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें दिलेला निकाल, ‘एक हिंदु स्त्री’ या सहीनें ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आलेलीं पत्रें, १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं नवऱ्याकडे नांदण्याचा अथवा सहा महिने तुरुंगांत जाण्याचा दिलेला हुकूम, ‘तुरुंग पत्करीन’ अशा अर्थाचें त्यांचें उत्तर, आणि १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर झालेली तडजोड. सुधीर चंद्र यांचा १९९८ सालचा इंग्रजी ग्रंथ या खटल्यावरच आहे, व तो त्या विषयावर प्रमाण मानला जातो. बोलपटही मुख्यतः खटल्याभोंवतींच फिरतो. मोहिनी वर्दे यांनीं विस्मृतींत गेलेल्या या बाईंस मराठी वाचकांच्या घरांत परत आणलें, हें त्यांचें ऋण मोठें. तरीहि त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकांतला ‘आर्त’ हा शब्द वाचकाच्या मनास कोणत्या सुरांत लावतो, हें उघड आहे. पदवी घेऊन १८९४ च्या सुमारास परत आलेल्या आणि १९२९-३० पर्यंत रुग्णालय चालविणाऱ्या कारभारी बाईचा सूर तो नव्हे.

म्हणजे येथें आयुष्य होतें, पानेंही होतीं. तीं वाचण्याची भूक आम्हांस नव्हती. खटला चार वर्षें चालला, नोकरी पस्तीस वर्षें चालली. पण आमच्या मनांतील तागडींत चार वर्षांचें पारडें जड. खटल्यांत नवरा आहे, शास्त्री आहेत, लोकमान्यांसारखे विरोधक आहेत; नोकरींत काय आहे? नोकरींत सुरतेची प्लेगची साथ आहे, दाईंचें शिक्षण आहे, परपुरुषापुढें येऊं न शकणाऱ्या बायकांचीं दुखणीं आहेत, आणि आयुष्याच्या उत्तरार्धांत, १९२९ सालीं, त्याच पडद्याच्या चालीविरुद्ध स्वतःच्या अनुभवाच्या बळावर लिहिलेलें एक पुस्तक आहे. दवाखान्यांत स्त्रियांसाठीं वेगळी सोय हवी, म्हणून जिची नेमणूक झाली, तिनेंच अखेरीस ती वेगळी सोय ज्या चालीमुळें लागते त्या चालीवर घाव घालावा, या विरोधाभासांत एका मोठ्या चरित्राचें बीज आहे. तें अद्यापि पेरलें गेलेलें नाहीं.

वगळलेल्या या पानांवर काय असूं शकेल, याची कल्पना यावी म्हणून कांहीं गोष्टी येथें नमूद करतों. डॉ. एडिथ पेची या इंग्रज बाई १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या व पुढें कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. रुग्णालयासाठीं पैसा येथील दानशूर लोकांनीं दिला होता, आणि तें स्त्री-डॉक्टरांच्याच ताब्यांत असावें अशी अट होती. ही अट साधी दिसते. पण तिच्या मागें मोठें शहाणपण होतें. कारण इतरत्र काय होत होतें? १८८५ सालीं लेडी डफरीन यांच्या नांवें निघालेल्या निधीनें गांवोगांव स्त्रियांचे दवाखाने उघडले, परंतु त्यांतल्या स्त्री-डॉक्टरवर देखरेख बहुधा जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनची, म्हणजे पुरुषाची. शस्त्रक्रिया ही करणार, जबाबदारी हिची, आणि अंतिम शब्द त्याचा. पेचीबाईंनीं समान कामास समान वेतन मागितलें, तें मागणें त्या काळच्या सरकारास विचित्र वाटलें असल्यास नवल नाहीं; नवल हें कीं तें अजून कित्येक खाजगी इस्पितळांच्या चालकांस विचित्र वाटतें. पुढें १९१४ सालीं स्त्री-डॉक्टरांची सरकारमान्य वेगळी सेवा निघाली, पण तिचा दर्जा व वेतन पुरुषांच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या बरोबरीचीं नव्हतीं.

आमच्या सोलापुरांत डफरीन चौक आहे. त्या नांवाच्या दवाखान्यांत तीन पिढ्यांच्या बायका बाळंत झाल्या. मराठी, तेलुगु आणि कानडी या तिन्ही भाषांत वेणा कळविल्या गेल्या आणि तिन्ही भाषांत धीर दिला गेला. चौकास नांव राहिलें तें व्हाइसरॉयच्या पत्नीचें. ज्यांनीं तेथें रात्रीं जागविल्या त्या डॉक्टरीणबाईंपैकीं एकीचेंही चरित्र कोणा सोलापूरकरानें लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. निधि देणाऱ्याचें नांव दगडावर आणि राबणारीचें नांव हजेरीपटावर, ही विभागणी वाङ्मयानें तरी मोडावयास नको होती काय?

डॉ. जेरुशा झिराड यांचें उदाहरण आणखी बोलकें आहे. १९१२ च्या सुमारास इंग्लंडांत पुढील शिक्षणासाठीं त्यांनीं सरकारी शिष्यवृत्ति मागितली, तेव्हां ती पुरुषांसाठींच असल्याचें उत्तर मिळालें. टाटांच्या निधींतून कर्ज काढून त्या गेल्या. आणि नंतर त्याच सरकारची शिष्यवृत्ति मिळविणारी पहिली स्त्री ठरल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे होती; त्या जागीं बसलेली ही पहिली हिंदी स्त्री. एकोणीस वर्षें एक मोठें रुग्णालय चालवणें म्हणजे काय, औषधांचा हिशेब, परिचारिकांच्या पाळ्या, विद्यार्थिनींची तयारी, सरकारी अधिकाऱ्यांशीं पत्रव्यवहार, हें सर्व एखाद्या संस्थानाच्या दिवाणगिरीहून कमी नव्हे. दिवाणांचीं चरित्रें मराठींत पुष्कळ आहेत.

बोलपटांनीं या बाबतींत केलेली हानि सोलापूरकरांस घरचें उदाहरण देऊन दाखवितां येईल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे या गांवचे. १९१० सालीं येथें जन्मलेले, चीनमध्यें जखमी सैनिकांची शुश्रूषा करतां करतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं कामीं आलेले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’नें त्यांचें नांव घरोघर नेलें. त्यांच्या पत्नी क्वो चिंगलान या परिचर्याशास्त्राच्या शिक्षिका होत्या. बोलपटाच्या अखेरीस ही शिकलेली, युद्धाच्या धामधुमींत तयार झालेली स्त्री तान्ह्या मुलास घेऊन सोलापुरास सासरीं येते, आणि प्रेक्षक डोळे पुसतो. प्रत्यक्षांत त्या चीनमध्येंच राहिल्या, तेथेंच आपलें आयुष्य घालविलें, पाहुण्या म्हणून भारतांत अनेकवार आल्या, आणि २०१२ सालीं वारल्या. बोलपट १९४६ चा आहे, पुढचें आयुष्य दिग्दर्शकास ठाऊक नव्हतें, हें खरें. पण शेवट कल्पावयाचा झाला तेव्हां त्याच्या कल्पनेनें कोणती वाट धरली, हें पाहण्यासारखें आहे. पुरुषाचें काम रणांगणावर पुरें झालें. स्त्रीचें काम सासरच्या उंबरठ्यावर पुरें झालें. तिच्या शिकवण्याचें काय झालें, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनांत येऊं नये इतकी ती योजना चोख आहे.

आतां वर्तमानाकडे येऊं. ज्यास आपण संस्थेचा दोष म्हणतों तो कथा-कादंबऱ्यांतील दुष्ट सासूसारखा डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. तो खोल्यांच्या रचनेंत, पाळ्यांच्या तक्त्यांत, निवडीच्या समित्यांत लपलेला असतो. १९७३ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत अरुणा शानबाग या परिचारिकेवर अत्याचार झाला, त्या वेळीं ती तळघरांत कपडे बदलावयास गेली होती. त्यानंतर ती बेचाळीस वर्षें त्याच रुग्णालयांत निश्चेष्ट पडून होती. ९ ऑगस्ट २०२४ रोजीं कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुण स्त्री-डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. दीर्घ पाळींत थोडी पाठ टेकण्यासाठीं ती सभागृहांत गेली होती. दोन्ही घटनांत अर्धशतकाचें अंतर आहे, आणि दोहोंच्या मुळाशीं एक साधी वस्तु आहे : आंतून कडी लागेल अशी खोली. निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांस मर्यादा घालणारे केंद्र सरकारचे निर्देश १९९२ सालीं निघाले. स्त्रियांच्या कामाच्या जागीं होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा २०१३ सालीं झाला. कलकत्त्याच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयानें डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठीं राष्ट्रीय कृतिगट नेमला. कागद पुष्कळ झाले. खोल्या किती झाल्या, हें ज्याच्या त्याच्या गांवच्या रुग्णालयांत जाऊन पाहतां येईल.

परंतु हा प्रश्न केवळ स्त्री विरुद्ध पुरुष असा मांडणेंही अपुरें होय. २२ मे २०१९ रोजीं मुंबईच्या नायर रुग्णालयांत प्रसूतिशास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनीं आत्महत्या केली. त्या आदिवासी समाजांतल्या. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून ज्या तिघींवर खटला भरला गेला, त्याही स्त्री-डॉक्टरच. न्यायालयाच्या कामांत आम्ही शिरत नाहीं. समीक्षकानें एवढेंच म्हणावें, कीं ‘पहिली स्त्री’ या गौरवाच्या कथांनीं सर्व स्त्रियांस एकाच रंगानें रंगविलें. आनंदीबाई ब्राह्मणाच्या आणि रखमाबाई सुतार जातीच्या, या एका भेदानें दोघींच्या वाटेला आलेल्या लोकमतांत किती अंतर पडलें, याचीही पुरती चिकित्सा मराठींत झालेली नाहीं. ज्या वाङ्मयानें हा भेद पाहण्याची दृष्टि दिली नाहीं, तें आजच्या वसतिगृहांतील दुःख कसें वाचणार?

कोणी असेंही म्हणेल, कीं पगार, पाळ्या आणि खोल्या हा वाङ्मयाचा विषयच नव्हे, तो अहवालाचा विषय. हें आम्हांस मान्य नाहीं. डॉ. रवी बापट यांचें ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ हें पुस्तक मराठी वाचकांनीं आवडीनें वाचलें. त्यांत रुग्णालयाचें दैनंदिन जीवनच आहे. पुरुष शल्यवैद्याचा वॉर्ड रोचक असूं शकतो, तर स्त्री-शल्यवैद्याचा कां नसावा? त्याच के. ई. एम. मधल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांची लेखणी किती रसाळ होती, हें ‘वृक्षगान’ व ‘हिरवाई’ वाचणारांस सांगावयास नको. झाडांवर त्यांनीं जें प्रेम केलें त्याबद्दल मराठी भाषा त्यांची ऋणी आहे. त्या लेखणीनें रुग्णालयाच्या जिन्यांवर, समित्यांवर आणि बढत्यांवरही ग्रंथ लिहिला असता तर, ही चुटपुट मात्र मनांत राहते. डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’नें गडचिरोलीच्या बायकांस आपल्या देहाविषयीं बोलतें केलें, आणि ऐकणारी डॉक्टर स्त्री असली म्हणजे शास्त्राच्या हातीं काय नवें लागतें हें दाखविलें, १९८९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलेल्या त्यांच्या संशोधनानें खेड्यांतील स्त्रियांच्या न सांगितलेल्या दुखण्यांकडे जगाचें लक्ष गेलें. हा ग्रंथ रुग्ण स्त्रीचा आवाज आहे. डॉक्टर स्त्रीचा स्वतःचा आवाज अद्यापि तितक्या मोकळेपणानें उमटावयाचा आहे.

त्या आवाजांत काय ऐकूं येईल? मुली प्रसूतिशास्त्राकडे आणि बालरोगाकडे वळतात, अस्थिशल्यासारख्या विषयांत थोड्या दिसतात. हा आवडीचा भाग किती आणि ‘हें तुझ्यानें व्हावयाचें नाहीं’ असें पावलोपावलीं सांगितल्याचा परिणाम किती? मुंबई इलाख्यांत गिरणीतल्या बायकांस बाळंतपणाची भरपाई देणारा कायदा १९२९ सालीं झाला, देशासाठीं १९६१ सालीं झाला, आणि २०१७ सालीं त्या रजेची मुदत सव्वीस आठवड्यांवर गेली. पण दहांहून कमी माणसें कामास असलेल्या लहान प्रसूतिगृहास हा कायदा सहसा लागू होत नाहीं. म्हणजे दुसऱ्यांचीं बाळंतपणें करणारी बाई स्वतःच्या बाळंतपणीं मालकाच्या मर्जीवर! नवराबायको दोघेही डॉक्टर असलेल्या घरांत दवाखान्याच्या पाटीवर त्याचें नांव वर कां, रात्रींचा फोन आला तर मुलाजवळ कोणी थांबावयाचें, हे प्रश्न कोणत्याही सामाजिक नाटकास पुरे पडतील. ते क्षुद्र नाहींत. रखमाबाईंच्या न्यायालयांतील प्रश्नाचेच ते आजचे वंशज आहेत. तेथें न्यायाधीशानें विचारलें, बाई कोणाची? येथें घर आणि रुग्णालय मिळून विचारतात, बाईचा वेळ कोणाचा?

गोपाळरावांविषयींही शेवटीं न्यायानें बोललें पाहिजे. ज्या काळीं पत्नीस अक्षर शिकविणें हेंच पाप होतें, त्या काळीं टपालखात्यांतल्या एका कारकुनानें तिला एकटीस समुद्रापार पाठविलें. ‘आनंदी गोपाळ’ची परंपरा ज्या आदर्शावर उभी आहे, त्यानें शेंकडों बापांस व नवऱ्यांस धीर दिला असेल, यांत शंका नाहीं. १८८३ सालीं दार बंद होतें आणि दार उघडणाऱ्याचें कौतुक करणें योग्यच होतें. आज दार उघडें आहे, मुली आंत गेल्या आहेत. आतां दार उघडणाऱ्याचाच पोवाडा गात राहणें म्हणजे आंतल्या दालनांकडे पाठ फिरविणें होय. वाङ्मयाचें काम दालनांत दिवा नेण्याचें आहे.

यासाठीं फार मोठी तयारी लागते असें नाहीं. कोल्हापुरास आनंदीबाईंची जी जागा रिकामी राहिली, त्याच रुग्णालयांत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनीं पुढें दीर्घकाळ स्त्री-रुग्णांची सेवा केली. न बसलेल्या खुर्चीवर आम्ही कादंबरी, नाटक आणि बोलपट रचले. बसलेल्या बाईंस मराठी वाचक नांवानेंही ओळखत नाहीं. प्रत्येक जिल्ह्याच्या गांवीं अशी एखादी कृष्णाबाई होऊन गेली आहे. तिच्या हाताखालीं शिकलेल्या परिचारिका आहेत, तिनें सोडविलेल्या बाळंतिणींचीं नातवंडें आहेत, नगरपालिकेच्या कपाटांत तिच्या अर्जांच्या नकला आहेत. जो कोणी हे अर्ज वाचील, पगारवाढीचा, परिचारिका मागणारा, रात्रीं फाटकाशीं पहारेकरी द्या म्हणणारा, त्यास कळेल कीं स्त्री-डॉक्टरचें खरें चरित्र पदवीच्या कागदावर नाहीं, या अर्जांच्या उत्तरांत आहे. आणि पुष्कळदां उत्तर न येण्यांत आहे. तें चरित्र लिहिलें जाईपर्यंत आनंदीबाईंचें चरित्र आम्हीं अर्धेंच वाचलें असें समजावें.